नागीण, कांजिण्या आणि टोळीची कोपी



बेणेप्रक्रिया, खोडवा बाजूला ठेवून या खेपेस आजाराविषयी लिहितोय, त्याला कारणही तसेच आहे. मागील हंगामात एका सभासदाच्या आईंना कमरेवर नागीण उठली. गेरू लावला, मंत्र घातला. "तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो" म्हणून घर हवालदिल. दवाखाना गाठला आठवड्याने. फोड वाळले, पण ठणका सहा महिने राहिला.

त्यांच्याजवळ खेळणाऱ्या तोडणी टोळीतल्या मुलीला पंधरा दिवसांनी कांजिण्या आल्या. मग कोपीतल्या दोन भावंडांना, पाठोपाठ बापाला. पोरं लवकर खेळू लागली. बाप मात्र न्यूमोनियाने दवाखान्यात पडला.

हे कसे झाले? दोन्ही रोगांचा विषाणू एकच, हर्पिस कुळातला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो. काणी लागलेले बेणे लावले तर रोग खोडव्यात जास्त उफाळतो ना, तसेच हे. वय वाढले, प्रतिकारशक्ती घटली की तो नागीण होऊन वर येतो. वयाबरोबर नागिणीचे प्रमाण वाढते, हे इंग्लंडमधील गावडॉक्टर होप-सिम्पसन यांनी १९६५ साली नोंदींवरून दाखवले.

कांजिण्या हवेतूनही पसरतात. पुरळ उठण्याआधी एक-दोन दिवसांपासून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत त्या लागतात. आधी न झालेली दहा माणसे एका छपराखाली असली, तर नऊजणांना लागू शकतात. उष्ण मुलखात कित्येकजण कांजिण्या न होताच मोठे होतात आणि मोठ्यांना हा रोग जड जातो.

म्हणून एवढे करा :

१) नागीण दिसताच ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. तोंड-शेपटीची गोष्ट खोटी आहे.

२) फोड स्वच्छ कापडाने झाकून ठेवा. लहान मुले व गरोदर बाया यांना दूर ठेवा.

३) कांजिण्यांच्या रोग्याला वेगळे ठेवा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

४) कांजिण्या न झालेली गरोदर बाई रोग्याजवळ आली असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

५) कांजिण्यांची लस मिळते; पन्नाशीपुढे नागिणीचीही. डॉक्टरांना विचारा.

आणि टोळी आपल्या रानात उतरली की एका जादा कोपीपुरती जागा द्या. आजारी माणसाला वेगळे ठेवा म्हणणे सोपे. पण ठेवायचे कुठे, ते आपल्याच हातात आहे.

– ऊस विकास अधिकारी