पंचविसाव्या मिनिटाची घाऊक बदली

ज्या संघाला आपण जीव लावतो त्याच्या कोचला खेळातलं काही सांगायला जाऊ नये, असं आमच्या सौ.चं मत. माझं मत, जावं, पण कागदपत्रांनिशी जावं. मी तसाच गेलो होतो. तरीही जे वाट्याला आलं ते लिहून ठेवतो, कारण पोटात ठेवून पचत नाहीये.

संघ आमच्या इथल्या विद्यापीठाच्या मुलींचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींचा फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला ओहायोत आल्यावर चेंडू हातात घेऊन पळणाऱ्यांवर भागवता येत नाही. त्यामुळे घरच्या मैदानावरचा एकही सामना मी चुकवत नाही. गेला हंगाम संघ हरतच गेला. हरण्याचं मला काही वाटत नाही, कोल्हापुरात आमचाही संघ वर्षानुवर्षं हरायचा. पण हा संघ दर वेळी एकाच पद्धतीने हरत होता.

इथे कॉलेजच्या खेळात बदलीचा नियम सैल आहे. पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेली खेळाडू त्या हाफमध्ये परत येत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये येते. आणि त्या हाफमध्ये बाहेर काढली तरी आणखी एकदा तिला परत घेता येतं. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होऊन नोव्हेंबरकडे आटपतो, आठवड्याला दोन-दोन सामने. पाय दमतात, मान्य. म्हणून कोच लोक एकदम चार-पाच मुली उतरवतात.

ती रविवारची दुपार मला अजून दिसते. इथलं घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीसवरून शून्याकडे. फलकावर वीस मिनिटं उरली आणि आमच्या पाच बदल्या झाल्या. मधल्या फळीतल्या दोघी, दोन्ही विंगा आणि लेफ्ट बॅक. बचावफळी नेहमीप्रमाणे मध्यरेषेच्या जवळ. नवी लेफ्ट बॅक अजून मोजा वर ओढत होती, तेवढ्यात समोरच्या संघाची नऊ नंबरची मुलगी सावकाश चालत येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. चेंडू त्यांच्या मधल्या खेळाडूकडे. तिच्या आसपास आमचं कुणी नाही. तिने मान वर केली, बघितलं, आणि चेंडू आमच्या फळीच्या डोक्यावरून टाकला. गोल झालाच. पण मी गोल बघत नव्हतो. मी त्यांच्या बेंचकडे बघत होतो. तिथल्या मुली चेंडू हवेत जायच्या आधीच उठून उभ्या राहिल्या होत्या! म्हणजे त्यांना सांगून ठेवलं होतं: पंचविसाव्या मिनिटाला हे पाच जणी बदलतात, तोवर थांबा. सगळ्या कॉन्फरन्सला, म्हणजे आमच्या गटातल्या प्रत्येक संघाला, ठाऊक झालेली गोष्ट आमच्या कोचना तेवढी ठाऊक नव्हती.

घरी येऊन मागच्या सामन्यांचे मिनिटागणिक तपशील काढले. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते असतात, बदल्यांच्या वेळांसकट. तुम्हालाही कधी असं काही सिद्ध करायचं असेल तर पासची टक्केवारी, शॉट्स वगैरेंच्या नादी लागू नका. बदलीची वेळ आणि खाल्लेल्या गोलची वेळ शेजारी शेजारी लिहा. आमच्या बाबतीत ती यादी इतकी बोलकी निघाली की सौ.सुद्धा चष्मा लावून बघायला आली.

हंगामाच्या मध्यावर देणगीदार आणि समर्थकांसाठी कोचबरोबर कॉफी असते. तिथे आमचे कोच अ‍ॅन्सन डॉरन्सचं नाव घेत होते. घ्यावंच. १९८२ साली मुलींची एनसीएए ही कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, त्यात या माणसाने नॉर्थ कॅरोलायनाला २१ विजेतेपदं मिळवून दिली; १९९१ चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने त्याच्याच हाताखाली जिंकला. त्याचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला, हे मी सांगितलं तर कोचना ते नवीनच. असो. डॉरन्सच्या संघात मागे तीनच जणी असत, त्याही वर सरकून, आणि बदल्या भरपूर. पण ते चालायचं का? तर पुढच्या तिघी समोरच्या बचावपटूला मान वर करू देत नसत. चेंडूवर सतत दाब. एवढं पळायचं म्हणजे पाय दमणार, म्हणून ताजे पाय आत. बदली त्या दाबासाठी होती. आमच्याकडे दाबाचा पत्ता नाही, बदल्या आहेत, वर सरकलेली फळी आहे. मटण न घालता तांबडा रस्सा केला आणि वर पाहुण्यांना विचारलं, कसा झालाय?

मी एक कागद दिला. वर गोलांची यादी, खाली तीन सूचना. मधल्या फळीतल्या दोघी एकदम बदलू नका. बदलीनंतर पाच मिनिटं बचावफळी दहा पावलं मागे घ्या. त्यांच्या मधल्या खेळाडूवर एक फॉरवर्ड सोडा, चेंडू नाही मिळाला तरी चालेल, तिला मान वर करू देऊ नका. यात नवीन खेळाडू लागत नाही, पैसा लागत नाही. कोचनी पहिली ओळ वाचली, हसले, आणि कॉफीचा कागदी पेला त्या कागदावर ठेवला. मग विचारलं, तुम्ही कुठल्या पातळीवर खेळलात? मी म्हटलं, तालमीच्या संघातून. त्यावर त्यांनी माझ्या तळमळीचं कौतुक केलं आणि शेजारच्या देणगीदाराकडे वळले. आठवड्याभरात क्रीडा विभागाचं पत्र आलं, प्रेक्षकांच्या वर्तनाविषयी. मी स्टँडवरून एका शब्दानेही कुणाला बोललो नव्हतो. ज्या बापांनी पोरींच्या नावाने आरडाओरडा केला, त्यांना काही नाही.

म्हणून सांगतो. कोचला सूचना द्यायच्या तर हरल्याच्या आठवड्यात देऊ नका. कुठल्याही खेळाडूचं नाव घेऊ नका. त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली आहेत, सोमवारी त्यांची परीक्षा असते. पालकांना तर अजिबात काही सांगू नका, प्रत्येकाला वाटतं तुम्ही त्यांच्याच मुलीबद्दल बोलताय. संयम ठेवा वगैरे आहेच. आणि सूचना देण्याआधी खेळ नीट दिसायला हवा, म्हणून सामना बघायला मध्यरेषेजवळची गादीची खुर्ची घेऊ नका. गोलच्या मागे, वरच्या पायरीवर बसा. तिथून फळ्यांमधलं अंतर दिसतं, आणि चेंडू नसताना कोण चालतंय, कोण पळतंय तेही दिसतं. कोल्हापुरात पेठेतले म्हातारे तिथेच बसायचे, उगाच नाही.

आणि दिलेल्या कागदाची प्रत ठेवा, तारीख घालून. हंगाम संपल्यावर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात कोचची मुलाखत आली. बदल्यांनंतर संघाची घडी बसायला वेळ लागतो असं आमच्या लक्षात आलंय, म्हणे. लक्षात आलंय! सौ. म्हणाली, अहो, सोडा आता. प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. वसंतातल्या सरावसामन्यांत कोच दोन-दोन मुली बदलू लागलेत. फळी मात्र अजून तिथेच उभी असते, मध्यरेषेला नाक लावून, आणि समोरच्या मधल्या खेळाडूजवळ अजून कुणी जात नाही.