राज्ये बदलली, हुकूम उरले

शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरीही ‘अर्ज’, ‘दफ्तर’, ‘हुकूम’ हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. राज्य बदलते, कारभाराची भाषा मात्र चिवट असते. मी भाषेची विद्यार्थिनी. संगणकाला द्यावयाच्या हुकुमांचा इतिहास वाचताना हाच नियम मला तेथेही आढळला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा खोलीभर पसरणारा मेनफ्रेम संगणक आला. त्या काळी काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहायचे, गठ्ठा संगणकगृहात द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची, अशी पद्धत होती. काम कोणाचे, कोणता प्रोग्रॅम चालवायचा, हे सारे नियंत्रण-कार्डांवर आधीच सांगावे लागे. मध्येच बोलण्याची सोय नव्हती.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न अमेरिकेत सुरू झाले होते. एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली दाखवण्यात आली. एकाच संगणकाशी अनेकजण आपापल्या टंकयंत्रावरून बोलू लागले. तेच ते हुकूम पुन्हा टंकावे लागू नयेत म्हणून लुई पूझँ यांनी ‘रनकॉम’ लिहिला. हुकुमांची यादी फाइलमध्ये ठेवायची, संगणकाने ती ओळीने पार पाडायची. हुकूम वाचणारा भाग प्रणालीच्या गाभ्यापासून वेगळा असावा, या कल्पनेला त्यांनीच ‘शेल’, म्हणजे कवच, हे नाव दिले. मल्टिक्समार्गे ती युनिक्समध्ये उतरली. आजच्या ‘बॅश’ शेलच्या एका फाइलच्या नावाअखेरीस येणारी ‘आरसी’ ही अक्षरे म्हणजे त्या रनकॉमचाच अवशेष होय. युनिक्सचा ‘डीडी’ हा हुकूम तर आयबीएमच्या नियंत्रण-कार्डांवरून आला. त्याची वाक्यरचना आजही इतर हुकुमांहून निराळी आहे. जणू सासरी आलेल्या मुलीने जपलेली माहेरची बोली!

१९७० च्या दशकात टाटा संस्थेतच डेक-१० हा अनेकांशी एकाच वेळी बोलणारा संगणक होता. डेकच्या यंत्रांवरील ‘पिप’ हे नाव पुढे छोट्या संगणकांच्या सीपी/एम प्रणालीने जसेच्या तसे घेतले. डेक-१० चालवणारे केंद्र १९८५ साली एनसीएसटी झाले, २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. त्या सी-डॅकची एक शाखा आपल्या खारघरमध्ये आहे.

ज्यांच्या घरी कधी संगणक नव्हता, अशा आम्हा विद्यार्थ्यांना काळ्या पडद्यावरची ती तुटक अक्षरे म्हणजे जन्मजात हुशारांची मिरास वाटते. पण ती सूत्रे नव्हेत, शब्द आहेत. कोणाच्या तरी सोयीने घडलेले आणि सवयीने टिकलेले. शब्दाची व्युत्पत्ती कळली की त्याचे भय उरत नाही. मग कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्या पडद्यापुढे बसायला का कचरावे?