खंड्याची जात कोणती?

सातारा शहराच्या पूर्वेस चार-पाच किलोमीटरांवर कृष्णा व वेण्णा या नद्यांचा संगम आहे. संगमाच्या काठी माहुली हे प्राचीन गाव वसले आहे. तेथे दगडी घाट आहेत, सुंदर देवळे आहेत आणि सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्याही आहेत. त्या समाध्या पाहत हिंडणारा प्रवासी एका ठिकाणी आश्चर्याने थबकतो. कारण तेथे समाधी आहे ती एका कुत्र्याची! त्या कुत्र्याचे नाव खंड्या.

खंड्या हा छत्रपती शाहू महाराजांचा लाडका कुत्रा होता. महाराज एकदा शिकारीस गेले असता वाघापासून त्यांच्या जिवाला धोका निर्माण झाला आणि खंड्यामुळे त्यांचे प्राण वाचले, असे सांगतात. महाराज हा उपकार विसरले नाहीत. त्यांनी या मुक्या सोबत्यास जहागीर दिली आणि पालखीचा मानही दिला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शाहू महाराजांच्या कुत्र्याच्या या जहागिरीची व पालखीची हकीकत नमूद केली आहे.

शाहू महाराज १७४९ साली निवर्तले. त्यास आता पावणेतीनशे वर्षे होऊन गेली. तरीही खंड्याचे नाव लोकांच्या ओठी आहे, त्याची कामगिरी लोकांच्या स्मरणात आहे. मात्र खंड्याची जात कोणती होती, हे कोणी सांगत नाही. ते विचारण्याची कोणास गरजही वाटली नाही.

आज आपण काय पाहतो? कोणी कुत्रा पाळला की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या जातीचा आहे हो?" कुत्र्याचा स्वभाव कसा आहे, तो कशाला भितो, त्याला काय आवडते, हे प्रश्न मागून येतात; पुष्कळदा येतच नाहीत. जणू प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात जातीची एक चिठ्ठी अडकविलेली असते आणि ती वाचली की सारे कळले, असे आपण समजतो. ही चिठ्ठी किती खरी असते व किती खोटी, याचा आपण थोडा विचार करू.

कुत्र्यांच्या जाती मुळीच नसतात, असे मात्र नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत तालुक्यात चला. हा भाग अवर्षणाचा. उघडी माळराने, बाभळीची झाडे आणि दूरवर चरणारी मेंढरे, असे तेथील दृश्य असते. या भागात एक कुत्रा आढळतो. त्याचे पाय लांब, कंबर बारीक, छाती खोल आणि मुस्कट निमुळते असते. दूरची हालचाल तो नजरेने टिपतो व वाऱ्यासारखा धावत सुटतो. ससा पकडण्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वेगवान कुत्री निवडून त्यांची पिल्ले वाढविली, म्हणून ही जात घडली. आज सशाची शिकार करणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण कुत्र्याच्या अंगातील धावण्याची ओढ कायद्याने थोडीच नाहीशी होणार?

या कुत्र्यास आपल्याकडे कारवानी म्हणतात. कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून मुधोळ हाउंड हे नावही त्यास मिळाले. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांपैकी एकावर 'मुधोळ हाउंड' असे छापले आहे. कुत्रा तोच, परंतु माळावर एक नाव, तिकिटावर दुसरे!

नावांची आणखी एक गंमत पाहा. जर्मनीत मेंढरे राखण्यासाठी तयार केलेला, उभ्या कानांचा एक रुबाबदार कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील लोकांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला. तेव्हा त्यांनी या कुत्र्यास 'अल्सेशियन' असे नाव दिले. १९७७ साली तेथील श्वानसंस्थेने 'जर्मन शेफर्ड' या मूळ नावास पुन्हा मान्यता दिली. माणसांची भांडणे झाली म्हणून कुत्र्याचे नाव बदलले. पण त्यामुळे कुत्र्याचा एक केसही बदलला नाही.

ही झाली जातिवंत कुत्र्यांची कथा. परंतु आपल्या गल्लीत, बाजारात, एस. टी. च्या स्थानकावर जी कुत्री दिसतात, त्यांचे काय? समजा, पावसाळ्यातील एका सकाळी तुमच्या शाळेच्या ओसरीत एक भिजलेले पिल्लू कुडकुडत बसले आहे. कोणी म्हणेल, "याचे कान उभे आहेत, हा अल्सेशियनच!" दुसरा म्हणेल, "याचे पाय लांब आहेत, हा कारवानी असणार." तिसरा नाक मुरडून म्हणेल, "छे, हे तर गावठी!" तिघांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. यांतील खरी कोणती?

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोन भिन्न जातींच्या कुत्र्यांचा संकर करून पाहिला व आपले निष्कर्ष १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले. त्या संकरातून जन्मलेली कित्येक पिल्ले दिसण्यात ना आईसारखी होती, ना बापासारखी. मग ज्याचे आईबाप आपण पाहिलेच नाहीत, अशा पिल्लाची जात केवळ त्याच्या कानांवरून कशी ओळखावी?

बरे, जात अचूक कळली, तरी स्वभाव कळतो काय? २०२२ साली 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकात एक मोठे संशोधन छापून आले. त्यात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी त्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक आढळतो, त्यांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे असतो, असे त्यात दिसून आले. जातीवरून काही गोष्टींचा अंदाज करता येतो, हे खरे. पण एकाच जातीचे दोन कुत्रेही परस्परांहून फार निराळे असतात. जसे एकाच आईची दोन मुले. एक धीट, तर दुसरे लाजाळू!

कोणी म्हणेल, चिठ्ठी चुकली तर चुकली, त्यात कुत्र्याचे काय बिघडले? बिघडते ते असे. समजा, शहरातील एखाद्या कुटुंबाने केवळ ऐटीसाठी कारवानी जातीचे पिल्लू विकत आणले. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत ते वाढू लागले. घरची माणसे दिवसभर कामावर. धावण्यासाठी जन्मलेले ते जनावर साखळीस बांधलेले राहिले. मग ते रडू लागले, चपला कुरतडू लागले, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकू लागले. "ही जातच वाईट!" असा निकाल घरात झाला आणि एका रात्री त्याला गाडीत घालून महामार्गाच्या कडेला सोडण्यात आले. ज्याला रस्ता ओलांडणे ठाऊक नाही, अन्न शोधणे ठाऊक नाही, असे ते जनावर आपल्या माणसांची वाट पाहत तेथेच बसून राहणार! या ठिकाणी दोष जातीचा होता काय? नव्हे, घर आणि कुत्रा यांचा मेळ कोणी पाहिला नव्हता. दुसरीकडे, शाळेच्या ओसरीतील ते पिल्लू शांत, समजूतदार व मुलांत रमणारे असूनही 'गावठी' या एका शब्दामुळे त्याला कोणी दारात उभे करीत नाही. एका चिठ्ठीमुळे एकास चुकीचे घर मिळाले, तर दुसऱ्यास घरच मिळाले नाही.

मुक्या जनावरांना संकटातून सोडविणारी माणसे आपल्या भागात आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. २००३ सालापासून 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था सांगली परिसरात कष्टकरी बैलांची व इतर प्राण्यांची सेवा करीत आली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची खूण ओलांडली, असे मानतात. त्या वर्षी ते ५७ फुटांपर्यंत चढले. घरेदारे बुडाली. अशा प्रसंगी माणसांबरोबर गुरे, शेळ्या आणि कुत्रीही पाण्यात अडकतात. एखादे कुत्रे नावेतून काठावर आणले म्हणजे त्याचा जीव वाचतो. परंतु त्याचे पुढचे आयुष्य कोठे जाणार, हा प्रश्न काठावर त्याची वाट पाहत उभाच असतो. सुटका हे अर्धे काम झाले. योग्य घर मिळवून देणे हे उरलेले अर्धे काम, आणि ते अधिक कठीण आहे.

हे काम कसे करावे? प्रथम त्या कुत्र्याकडे नीट पाहावे. काही दिवस त्यास सांभाळावे, पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे, लस टोचून घ्यावी. नंतर जातीच्या चिठ्ठीऐवजी एक खरी चिठ्ठी लिहावी. ती अशी असू शकेल: 'मादी. वय सुमारे एक वर्ष. जात ठाऊक नाही. लस टोचली आहे. मुलांत खेळते. मांजर दिसले की मागे धावते. फटाक्यांना फार भिते. रोज सकाळ-संध्याकाळ फिरावयास न्यावे लागते. एकटी ठेवल्यास रडते.' या चिठ्ठीत मोठेपणा नाही. पण घर शोधण्यास उपयोगी पडेल असे सर्व काही आहे. तिच्यातील दोषही लपवू नयेत. दोष लपवून दिलेले जनावर बहुधा परत येते, किंवा रस्त्यावर जाते.

नंतर घराकडे पाहावे. घरी कोण कोण आहे? लहान मूल आहे काय? आजी-आजोबांच्या पायांत घोटाळणारा दांडगा कुत्रा त्यांस पाडणार तर नाही ना? घरातील सर्वांची संमती आहे काय? घर भाड्याचे असल्यास घरमालकास विचारले आहे काय? सुट्टीत गावी गेल्यावर कुत्र्यास कोण पाहील? खाणे, लस व औषधे यांचा खर्च झेपेल काय? कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. आज सहावीत असलेला मुलगा कॉलेज संपवून नोकरीस लागेल, तेव्हाही तो कुत्रा दारात त्याची वाट पाहत असेल. हे सर्व ध्यानी घेऊनच 'हो' म्हणावे. वृद्ध जोडप्यास शांत, वयस्क कुत्रा शोभतो. रानात राबणाऱ्या शेतकऱ्यास चपळ, जागरूक कुत्रा उपयोगी पडतो. आणि ज्या घराला वेळ नाही, त्या घराने 'नाही' म्हणणे हीदेखील त्या मुक्या जिवावर केलेली दयाच होय.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. दया करावयाची ती शहाणपणाने. पिल्लू एकटे दिसले की लगेच उचलू नये; त्याची आई जवळपास अन्न शोधत असेल. दोन महिन्यांच्या आत पिल्लास आईपासून तोडणे बरे नव्हे. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीस हात लावू नये. अनोळखी कुत्रा जवळ आल्यास पळू नये, स्थिर उभे राहावे. आणि कुत्रा चावला किंवा त्याची नखे लागली, तर भीतीमुळे ते घरी लपवू नये. जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. कुत्र्यापासून होणारा रेबीज हा रोग एकदा बळावला की प्राण वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळेवर घेतलेली लस त्यास रोखते. म्हणून पिल्लास मदत करावयाची ती वडील माणसांना बरोबर घेऊनच.

आता पुन्हा माहुलीच्या घाटावर येऊ. खंड्याचे भाग्य केवळ पालखीत नव्हते. शूर कुत्र्यास त्याचे शौर्य जाणणारा धनी मिळाला, हे त्याचे खरे भाग्य. प्रत्येक कुत्र्यास जहागीर देणे आपल्या हाती नाही, आणि कुत्र्यास जहागिरीचे कौतुकही नसते. त्याला हवी असते अंग टाकण्यापुरती जागा, वेळेवर भाकरी आणि त्याच्या नावाने त्याला हाक मारणारे कोणी तरी. पुढच्या वेळी कोणाकडे नवा कुत्रा दिसला, तर 'कोणत्या जातीचा?' असे विचारण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा, "याचे नाव काय? हा आहे तरी कसा?"

स्वाध्याय

१. खंड्याची समाधी कोठे आहे? शाहू महाराजांनी त्याचा गौरव कसा केला?
२. एकाच कुत्र्यास निरनिराळी नावे मिळाल्याची कोणती उदाहरणे या पाठात आली आहेत?
३. 'सुटका हे अर्धे काम झाले,' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. घरासाठी कुत्रा निवडताना कोणते प्रश्न विचारावेत? तुमच्या घरास कुत्रा पाळणे झेपेल काय, ते सकारण लिहा.
५. तुमच्या परिचयाच्या एखाद्या कुत्र्याचे चार-पाच दिवस निरीक्षण करा व त्याची 'खरी चिठ्ठी' आठ-दहा ओळींत लिहा. जातीचा उल्लेख करू नका.