टेप कुठली, कटिंग कुणाचं?

जुन्या रॉक अल्बमची महागडी ‘ऑडिओफाइल’ आवृत्ती घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हे, की १८० ग्रॅम वजन, मर्यादित प्रती, क्रमांक घातलेलं आवरण यांचे पैसे मोजू नका. जाड तबकडी हाताला छान लागते, पण खाचेत जे कोरलंय ते जाडीने सुधारत नाही. विचारायचं ते एवढंच, की कटिंग, म्हणजे मूळ तबकडीत खाच कोरणं, कशावरून झालं आणि कुणी केलं. बीटल्सचे २०१२ मधले स्टिरिओ एलपी २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या डिजिटल फाइलींवरून कापले होते. २०१४ चा मोनो संच मात्र ॲबी रोड स्टुडिओत ॲनालॉग मास्टर टेपवरून. दोन्हींचं वजन १८० ग्रॅमच. कापणाऱ्या हाताचं महत्त्व ‘लेड झेपलिन २’वरून कळतं. १९६९ मध्ये रॉबर्ट लडविगने तो इतका जोरकस कापला, की स्वस्त टर्नटेबलवर सुई उडायची. कंपनीने मग मवाळ कटिंग करून घेतलं, आणि आज संग्राहक लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत ‘आरएल’ ही अक्षरं शोधत फिरतात.

‘कानाला बरं वाटलं की झालं, टेपची चौकशी कशाला?’ हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. जुलै २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केलं, की २०११ पासून त्यांच्या अनेक रेकॉर्डींमध्ये मूळ टेप आणि कटिंग यांच्या मधे डीएसडी ही डिजिटल पायरी होती. तोवर याच रेकॉर्डींच्या ‘ॲनालॉग’ गोडव्याची भल्याभल्या जाणकारांनी वाहवा केली होती. यावरून डिजिटल वाईट ठरत नाही. कुणाच्या कानाला खटकली नाही म्हणजे ती पायरी चांगलीच होती. प्रश्न किमतीचा आहे. त्यांच्या महागड्या आवृत्तीचे सव्वाशे डॉलर आवाजाचे असतील तर टेपची कहाणी सांगायची गरज नव्हती, आणि कहाणीचे असतील तर ती पूर्ण सांगायला हवी होती. पुढे खटला होऊन कंपनीला ग्राहकांशी परताव्याची तडजोड करावी लागली, ती त्या न सांगितलेल्या पायरीपायी.

उलट ‘ॲनालॉग’ शब्दालाच चिकटून बसलात, तर डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हातचा जाईल. १९८५ चा हा अल्बम मुळातच डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित झाला, आणि एका एलपीत मावावा म्हणून त्यातली काही गाणी छाटली गेली. ४५ आरपीएमच्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीत ती पूर्ण लांबीची आहेत. शिवाय वेग जास्त असल्याने लेबलाजवळच्या खाचांत आवाज कमी फाटतो. अशा आवृत्तीला जास्त पैसे देणं मला पटतं. भारतात मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्काने किंमत बरीच चढते, परत पाठवणं तर त्याहून जिकिरीचं. म्हणून विक्रेत्याला आधीच लेखी विचारावं. ‘उपलब्ध सर्वोत्तम स्रोतावरून’ असं गोलमाल उत्तर आलं, तर त्याच अल्बमची जुनी, कमी वाजलेली प्रत शोधावी.