विहिरीतलं पाणी कागदावर उतरेना

हिवरे बाजार गावातल्या एका जुन्या विहिरीचा फोटो मी एप्रिलमधल्या भर दुपारी काढला होता. वर रखरखीत ऊन, आत गार सावली आणि सावलीच्या तळाशी पाण्याची बारीक चकाकी. संगणकाच्या पडद्यावर विहिरीच्या दगडांवरचे पाणी ओसरल्याचे पट्टेसुद्धा मोजता येत होते. कृष्णधवल केला, मॅट कागदावर छापला आणि गावातल्या ओळखीच्या घरी घेऊन गेलो. आजोबांनी चष्मा लावला, फोटो दारातल्या उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "विहीर आमचीच हाय. पण पाणी कुठंय? नुसतं काळपट दिसतंय."

हे गाव दरवर्षी पाऊस आणि विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं. सरपंच पोपटराव पवारांच्या काळापासून ऊस-केळी लावायची नाही हा नियम इथे पाण्यासाठीच पाळला जातो. अशा गावाच्या विहिरीचं पाणी माझ्या फोटोतून नाहीसं झालं होतं. मला ते फार लागलं.

चूक कुठे झाली ते शोधताना कळलं की पिगमेंट शाईच्या बऱ्याच प्रिंटरांत काळ्या शाया दोन असतात: चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक आणि मॅटसाठी मॅट ब्लॅक. कागदाचा प्रकार निवडताना मी आधीच्या कामाचा ग्लॉसीच ठेवला होता, म्हणून मॅट कागदावर फोटो ब्लॅक पडली. गडद छटा एकमेकींत मिसळून एकच राखाडी काळा झाला. नीट छापलं तरी मॅटचा काळा चकचकीत कागदाइतका खोल जात नाही. घनतेच्या मापात मॅट साधारण १.६ ते १.७ वर थांबतो, चांगला चकचकीत कागद २ च्या पुढे जातो. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या सावलीला मॅटवर जागाच कमी मिळते. त्यामुळे त्या कागदाचं प्रोफाइल लावून आधी पडद्यावर बघायचं आणि सावल्या थोड्या उचलून मगच छापायचं.

मग मी वेगवेगळे कागद आणून तोच फोटो छापत गेलो. स्वस्त, दोन्ही बाजूंनी छापता येणारा मॅट पहिल्या नजरेत सगळ्यांत पांढरा दिसला. पण तो पांढरेपणा बऱ्याचदा उजळक रसायनाचा असतो. ते रसायन वर्षागणिक दमतं आणि कागद पिवळटतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली कोरा तुकडा धरा. निळसर झगमगला तर रसायन भरपूर आहे. गावाच्या आठवणीसाठी जपायच्या फोटोला मी असा कागद घेणार नाही.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाबद्दल मला फार प्रेम, म्हणून तोही वापरून पाहिला. त्या कागदावर इंकजेटचा लेप नव्हता, शाई धाग्यांत शिरून पसरली आणि दगडांच्या कडा विरघळल्या. त्यात कागदाचा दोष नाही. तो लिहिण्यासाठी केलेला होता.

शेवटी दोन उरले. हानेम्यूले या कागदगिरणीचा फोटो रॅग ३०८, शंभर टक्के कापसाचा आणि गुळगुळीत. आणि त्याच गिरणीचा जर्मन एचिंग, अंगावर ठळक पोत असलेला. डोंगरउतारावरच्या सलग समतल चरांचा माझा दुसरा फोटो जर्मन एचिंगवर असा उमटला की मातीवर हात फिरवावासा वाटावा. विहिरीच्या फोटोत मात्र त्या पोताने पाण्याची चकाकी तुटली. ती फोटो रॅगवरच अखंड राहिली. म्हणून "सगळ्यांत चांगला मॅट कोणता" असं विचारत बसू नका. तुमच्या फोटोतला सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ तुकडा कापून एका ए-फोरवर शेजारी शेजारी छापा. रात्रभर वाळू द्या, कारण ओला काळा फसवतो. मग जिथे फोटो लागणार तिथल्या उजेडात बघा. माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली दिसलेलं त्या घराच्या ओसरीत दिसलं नव्हतं.

छापण्याआधी कापसाच्या कागदावरून मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. सुटलेला तंतू शाई पडल्यावर गळतो आणि काळ्यात पांढरा ठिपका राहतो. लेपाची बाजू कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा, किंचित चिकटते ती बाजू छापायची.

नवा फोटो घेऊन गेलो तेव्हा फ्रेम व्हायची होती. आजोबांनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला. "हे बघ, मागल्या साली पाणी इथवर होतं," असं म्हणत त्यांनी शेतात घासून जाड झालेलं नख एका पट्ट्यावरून ओढलं. मॅटच्या काळ्यावर चकाकती रेघ उमटली. मॅटला काचेआधी हाताळू देऊ नये, हे मला तिथे कळलं. त्यांना दुसरी प्रत छापून, काच लावून दिली. नखाच्या रेघेची मी माझ्याकडे ठेवली आहे.