सर्व्हेत पुढे कोण, आणि विचारलं कुणाला?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. तो सांगतो, तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला आधी पक्षातच मतदान होतं आणि त्या काळात कोण पुढे, कोण मागे याचे सर्व्हे सारखे येत राहतात. आमच्याकडे तिकीटवाटपाच्या दिवसांत चौकात एकच वाक्य कानावर येतं : 'सर्व्हेत त्याचं नाव मागे आहे.' मला, माझ्या घरात, आमच्या गल्लीत आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मग हे सर्व्हे घेतात कुणाचे? आणि अमेरिकेतले तरी खरे ठरतात का?
— एक वाचक, भडगाव

उत्तर : आधी तुमच्या मनातली शंका. पाचोरा-भडगाव मतदारसंघात तीन लाखांहून जास्त मतदार आहेत. त्यातल्या हजार जणांना विचारलं, तर तुमचा नंबर लागण्याची शक्यता तीनशेत एक. त्यामुळे तुम्हाला कुणी विचारलं नाही, एवढ्यावरून सर्व्हे झालाच नाही असं म्हणता येणार नाही. हजार माणसं पुरतातही. ती नीट निवडलेली असतील, तर आकडा साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतो. म्हणजे एकाला ३४ आणि दुसऱ्याला ३१ टक्के मिळाले, तर पुढे कोण हे त्या सर्व्हेला ठामपणे सांगता येत नाही.

सगळी मेख 'नीट निवडलेली' या दोन शब्दांत आहे. जिनिंगवर कापसाची गाडी लागली की जाणता व्यापारी वरचा पांढराशुभ्र कापूस पाहून भाव बोलत नाही. तो हात खोल घालतो, दोन-तीन ठिकाणचा कापूस उपसतो, ओल तपासतो. सर्व्हेवाल्याने भडगावच्या बसस्थानकावर भेटतील त्यांना विचारलं आणि कजगाव, कोळगाव, गिरडकडे फिरकलाच नाही, तर त्याने वरचाच कापूस पाहिला. त्या वेळी शेतात निंदणीला गेलेली बाई त्याला कधीच भेटणार नाही.

पुतण्याच्या राज्यात मात्र अडचण याहून अवघड होती. ८ मार्च २०१६ रोजी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी (उमेदवार ठरवण्यासाठी पक्षातच होणारं मतदान) झाली. सामना हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यात होता. चाचण्यांच्या सरासरीत क्लिंटन सुमारे वीस टक्क्यांनी पुढे होत्या. मतं मोजली तेव्हा सँडर्स दीड टक्क्याच्या आसपास फरकाने जिंकले. मिशिगनमध्ये मतदाराची नोंदणी पक्षानुसार होत नाही. कुणीही केंद्रावर जाऊन एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. त्यामुळे 'कुणाला मत देणार' हे विचारण्याआधी 'येणार कोण' याचा अंदाज बांधावा लागतो. तरुण आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार इतक्या संख्येने येतील, हे चाचणीवाल्यांनी धरलंच नव्हतं.

प्रायमरीत आणखी एक गोष्ट वेगळी असते. आपल्या निवडणुकीत माणूस ओळखीचा नसला तरी चिन्ह ओळखीचं असतं आणि मत त्याला चिकटून राहतं. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे. चिन्हाचा आधार नाही, म्हणून मत हलकं असतं आणि जाहिरातीच्या वाऱ्यानेही हलतं. याचं उदाहरण आपल्याच भाषेतल्या माणसाचं आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मराठी वाचकाला 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे माहीत आहेत. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी आधी टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. मतदानाच्या काही महिने आधी काही चाचण्यांत ते चक्क पहिल्या क्रमांकावर होते. ७ ऑगस्टला मतदान झालं तेव्हा ग्रेचेन व्हिटमर निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकल्या आणि ठाणेदार सुमारे १८ टक्क्यांवर तिसरे आले. त्या सुरुवातीच्या चाचण्या खोट्या होत्या असं मला वाटत नाही. लोकांनी तेव्हा ओळखीचं नाव सांगितलं; मत द्यायची वेळ आली तेव्हा विचार केला. ठाणेदार मात्र थांबले नाहीत. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागात नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले आणि अमेरिकेच्या संसदेत गेले.

तिथे या चाचण्या उमेदवाराचं नशीबही ठरवतात. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सतरा इच्छुक होते. पहिल्या वादसभेचं मुख्य व्यासपीठ फक्त दहा जणांना मिळालं आणि ते दहा ठरले पाच राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीवर. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकात दोन टक्क्यांचंही अंतर नव्हतं, म्हणजे एका चाचणीत होऊ शकणाऱ्या चुकीपेक्षाही कमी. मला हे अन्यायाचं वाटतं. मोजपट्टीला तेवढा बारीक फरक दिसतच नाही, तर तिच्यावर माणसं बाहेर ठेवू नयेत.

आता आपल्याकडचं. प्रायमरी महाराष्ट्रातही झाली आहे. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. त्यात वर्धा आणि लातूर होते. मतदान पक्षाच्या पदाधिकारी-कार्यकर्त्यांपुरतं. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. लोकसभेला दोघेही भाजपकडून हरले. तरीही तो प्रयोग मी वाया गेला म्हणणार नाही, कारण तिकीट कुणाच्या मतांवर मिळालं हे निदान सांगता येत होतं.

याउलट, तुमच्या जळगाव लोकसभा मतदारसंघात २०१९ ला भाजपने आधी स्मिता वाघ यांचं नाव जाहीर केलं, मग बदलून उन्मेष पाटील यांना दिलं. २०२४ ला खासदार असलेल्या पाटलांऐवजी पुन्हा वाघ यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. दोन्ही वेळा भडगावच्या मतदारासमोर आला तो फक्त निर्णय.

अमेरिकेतला सर्व्हे चुकतो तेव्हा तो चुकला हे कळतं, कारण किती जणांना, कोणत्या तारखांना, काय विचारलं हे छापलेलं असतं. तेच कागद घेऊन अभ्यासक चूक शोधायला बसतात. चौकातला 'सर्व्हे' ना तपासता येतो, ना चुकीचा ठरवता येतो. अशा सर्व्हेला मी सर्व्हे मानत नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'सर्व्हेत नाव मागे आहे' म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा : किती माणसं, कोणती गावं, कोणत्या तारखा, पैसे कुणी दिले? चारांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी मला जरूर लिहून कळवा.