चार विटांचें काम तीन विटांत

विद्यार्थिमित्रहो, सृष्टीचें धन जपून वापरावें हा उपदेश तुम्हीं अनेकदां ऐकला असेल. उपदेशास मान डोलविणें सोपें असतें. पण प्रत्यक्ष वेळ आली म्हणजे काटकसर ही गैरसोय आणि साधेपणा हें दारिद्र्य, असें आपणांस वाटूं लागतें. घर बांधावयास निघालेल्या एखाद्या गृहस्थास ‘भिंतींना गिलावा करूं नका’ असें सांगून पाहा. ‘लोक काय म्हणतील?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असेल. ही समजूत व्याख्यानांनीं नव्हे, तर स्वस्त, थंड आणि सुंदर घरें बांधून दूर करण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या लॉरी बेकर यांचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

बेकर यांचा जन्म १९१७ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें झाला व तेथेंच ते वास्तुशास्त्र शिकले. ते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. त्यामुळें दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं शस्त्र न धरतां चीनमध्यें रुग्णांची शुश्रूषा केली. स्वदेशीं परततांना बोटीची वाट पाहत त्यांना कांहीं काळ मुंबईस राहावें लागलें, आणि तेथें त्यांची महात्मा गांधींशीं भेट झाली. बेकर यांच्या पायांतील, टाकाऊ कापडाचे केलेले जोडे गांधीजींच्या नजरेस पडले व त्यांवरून संभाषण सुरू झालें, अशी हकीकत बेकर स्वतः सांगत. खेड्यांतील घर पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या सामग्रीनेंच बांधावें, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनांत कायमचा रुजला.

१९४५ सालीं कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या एका मिशनचे वास्तुकार म्हणून ते हिंदुस्थानांत आले. १९४८ सालीं डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि उभयतां हिमालयांतील पिथोरागढ येथें जाऊन रुग्णसेवा करूं लागलीं. तेथें बेकर यांचें दुसरें शिक्षण झालें. विलायतेंत शिकलेली लोखंड व सिमेंट यांची विद्या त्या डोंगरांत निरुपयोगी ठरली. उलट जवळचा दगड, माती व लांकूड यांनीं थंडीवाऱ्यास टिकणारीं घरें कशीं बांधावीं, हें तेथील अशिक्षित गवंड्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पदवीधर वास्तुकार त्यांचा शिष्य झाला. सुमारें पंधरा वर्षांनीं, १९६३ सालीं, बेकर दांपत्य केरळांत गेलें व पुढें तिरुवनंतपुरम येथें स्थायिक झालें.

आतां त्यांच्या रीति पाहूं. सिमेंट करावयास चुनखडी सुमारें १,४५० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टींत भाजावी लागते, आणि विटा भाजावयासही सरपण किंवा कोळसा लागतो. म्हणजे वांचलेली प्रत्येक वीट हें वांचलेलें जळण होय. पण विटा वांचवावयाच्या कशा? येथें थोडें गणित करूं. वीट ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद व ३ इंच जाड समजा. भिंतीच्या दोन्ही बाजूंस एकेक वीट तिच्या अरुंद कडेवर उभी, लांबीनें ठेवा. त्यांमध्यें ३ इंच जागा मोकळी राहील. त्यांच्या शेजारीं तिसरी वीट तशीच कडेवर, पण भिंतीच्या आरपार ठेवा. तीन विटांनीं १२ इंच लांब, ९ इंच रुंद व साडेचार इंच उंच एवढी भिंत झाली. तेवढीच भिंत भरीव केल्यास चार विटा लागतात. चौथ्या विटेच्या जागीं हवा राहिली! हवा उष्णता सहज वाहून नेत नाहीं, म्हणून अशी भिंत उन्हांतही कमी तापते. या बांधणीस ‘रॅट ट्रॅप बाँड’ म्हणतात. ती मूळची इंग्लंडांतील. बेकर यांनीं ती केरळांत नांवारूपास आणली.

छपराचेंही तसेंच. स्लॅबच्या वरच्या अंगास दाब व खालच्या अंगास ताण सोसावा लागतो. ताण सोसण्याचें काम सळयांचें. तेथील काँक्रीट बहुधा नुसतें ओझें असतें. म्हणून सळयांमधील त्या जागेंत बेकर मंगळुरी कौलें बसवीत. महाग खिडकीऐवजीं ते विटांची जाळी ठेवीत. तींतून वारा येई आणि जमिनीवर उन्हाची नक्षी उमटे. गिलावा व रंग यांस ते फांटा देत, आणि आवारांतलें झाड न तोडतां भिंतच त्याच्याभोंवतीं वळवीत.

तिरुवनंतपुरमच्या स्टेशनाजवळ त्यांनीं बांधलेलें कॉफीगृह शंखाच्या वळणानें वर चढत जातें. तेथें कॉफी घेणाऱ्यास कोणी काटकसरीवर प्रवचन देत नाहीं. पण बिनगिलाव्याची वीट देखणी असते, हें तो पाहून जातो. हाच बेकर यांचा प्रचार होय. त्यांनीं स्वतः चित्रें काढून लहान पुस्तिकाही लिहिल्या, व १९८५ सालीं या कामासाठीं ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापण्यांत भाग घेतला. १९९० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २००७ सालीं ते निवर्तले.

या रीतींस कुशल व प्रामाणिक गवंडी लागतो, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. गिलाव्याखालीं वांकडें काम झांकतां येतें. उघड्या विटेंत तें झांकत नाहीं. म्हणूनच या रीति अजून सर्वत्र रूढ झाल्या नाहींत. ज्यांस घर बांधावयाचें आहे, अशा पालकांस आमची विनंती कीं, नकाशा पाहतांना ‘शेजाऱ्याकडे आहे काय?’ असें न विचारतां ‘हें आवश्यक आहे काय?’ असें विचारावें. पांच भाकरींनीं हजारोंची भूक भागल्यावरही प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, ही कथा आपण सर्वांनीं वाचली आहे.

आणि मुलांनो, या सुटींत तुम्हीं एवढेंच करा: एक वीट घ्या, तिच्या तिन्ही बाजू मोजा, आणि तुमच्या वर्गाची एक भिंत वरील रीतीनें बांधल्यास किती विटा वांचतील, तें वहींत मांडून आणा.